विदुर, डेव्हिड आणि आमचा वाचनगट

आमच्या वाचनगटात पुस्तक आवडलं नाही तर लोक सहसा ‘यावेळी वेळच नाही मिळाला हो’ म्हणतात आणि बटाटेवड्याकडे वळतात. डोरिस लेसिंगच्या ‘द फिफ्थ चाइल्ड’च्या वेळी तसं काही झालं नाही. एक जण सोडून सगळ्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं आणि सगळ्यांना बोलायचंच होतं, तेही एकाच वेळी. नेहमी आठ-साडेआठला उठणारी मंडळी दहा वाजून गेले तरी तिथेच. शेवटी दोघीजणी एकमेकींचा निरोपही न घेता खाली उतरल्या.

पुस्तक डॉक्टर मॅडमनी सुचवलेलं. १९८८ सालची कादंबरी, जेमतेम दीडशे पानं. (आमच्याकडे पुस्तक निवडताना आधी जाडी बघतात, लेखक नंतर.) आम्ही नाशिकची माणसं, महिन्यातून एका रविवारी आळीपाळीने कुणाच्या तरी घरी जमतो. पुस्तक इंग्रजी असलं तरी भांडण मराठीत होतं. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी बघतो आणि गटात आलो तो बायकोच्या मागे मागे. पुरुष आम्ही मोजकेच, त्यातला एक केवळ खाण्यासाठी येतो, असा माझा जुना संशय आहे.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगून टाकतो. फोडली म्हणून ओरडू नका. काय होणार ते सुरुवातीपासूनच दिसत राहतं, तरी पुस्तक हातातून सुटत नाही.

साठच्या दशकातलं इंग्लंड. हॅरिएट आणि डेव्हिड ऑफिसच्या पार्टीत भेटतात. आजूबाजूला सगळे मोकळंढाकळं जगताहेत, आणि या दोघांना मात्र हवंय जुन्या वळणाचं, मुलाबाळांनी भरलेलं घर. लंडनला रोज जा-ये करता येईल अशा गावात ते एक अवाढव्य व्हिक्टोरियन घर घेतात. सहा मुलं हवीत, आठ हवीत, असं चारचौघांत सांगतात. पाठोपाठ चार होतातही: ल्यूक, हेलन, जेन, पॉल. ईस्टरला, उन्हाळ्यात, नाताळात गोतावळा येऊन दिवसचे दिवस मुक्काम ठोकतो आणि स्वयंपाकघरातल्या भल्याथोरल्या टेबलाभोवती हसणं-खिदळणं चालतं. मग पाचव्या खेपेचे दिवस जातात. हे मूल पोटातच असं काही लाथा झाडतं की हॅरिएटला गुंगीची औषधं घेऊन दिवस ढकलावे लागतात. एक महिना आधीच बाळंतपण होतं, आणि बाळ अकरा पौंडांचं, म्हणजे पाच किलोचं. हा बेन. कपाळ मागे गेलेलं, खांदे भरलेले, नजर थंड. मोठ्या भावाचा हात पाळण्याच्या गजांतून ओढून पिरगाळतो. पाहुण्यांचा कुत्रा मरतो, घरातली मांजर मरते. बेनच्या खोलीला गज बसतात, दाराला कुलूप लागतं. पाहुणे यायचे थांबतात. शेवटी डेव्हिडच्या घरची मंडळी एका संस्थेत सोय शोधतात, आणि एके दिवशी काळी गाडी येऊन बेनला घेऊन जाते.

आता आमच्या दिवाणखान्यात या.

बँकेतून निवृत्त झालेले काका पहिल्यापासून एकाच प्रश्नावर अडून बसले होते: मुलाला नेमकं झालं काय होतं? डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लेखिकेने ते सांगितलेलं नाही, मुद्दामच. काका म्हणाले, लेखिकेचं राहू द्या, तुम्ही बालरोगतज्ज्ञ आहात, तुम्ही सांगा. मॅडमनी सगळी लक्षणं परत एकदा मनाशी जुळवून पाहिली असाव्यात, कारण थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘मी नाव सांगितलं की तुम्ही पुस्तक मिटून मोकळे व्हाल.’ काका रुसले. पुस्तकातही असंच आहे. हॅरिएट बेनला घेऊन डॉ. गिली नावाच्या तज्ज्ञ बाईंकडे जाते. त्यांचं निदान असं की मुलात काही वावगं नाही, अडचण तुम्हाला तो आवडत नाही ही आहे. हॅरिएट विचारते, हा माणूस आहे का? त्यावर त्या बाई हबकतात, पण उत्तर देत नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापिकाही बेन मेहनत घेतोय म्हणतात. जो तो बघतो, आणि बघितलं म्हणून कबूल करायला कुणीच तयार नाही. आपल्या व्यवसायाला चपराक असूनही डॉक्टर मॅडमना हे प्रकरण सगळ्यात आवडलं. ओपीडीत समोर बसलेल्या आया आता वेगळ्या दिसतात म्हणाल्या.

काकांचा दुसरा मुद्दा मात्र लाखमोलाचा होता, आणि तो सुचायला बँकेत उमेदीची वर्षं घालवलेला माणूसच हवा. या घराचा हप्ता कोण भरतं? डेव्हिडचा श्रीमंत बाप जेम्स. स्वयंपाक, धुणी, मुलांची आजारपणं कोण काढतं? हॅरिएटची विधवा आई डोरोथी, फुकटात. ‘कर्ज बापाच्या नावावर, राबणूक सासूच्या नावावर, आणि सुख तेवढं यांनी उभं केलेलं!’ काका म्हणाले. आम्ही हसलो. डोरोथीच्या वयाच्या दोघी हसल्या नाहीत. त्यातली एक नातवंडं सांभाळून, डबे भरून आलेली होती आणि नऊच्या आत तिला परत जायचं होतं.

पुस्तक अर्धवट सोडलेली बाई मला समजली. तिच्या लेकीला सातवा महिना. हॅरिएटच्या गरोदरपणाची पानं आली तशी तिने पुस्तक कपाटावर, सुटकेसच्या मागे टाकलं. लेक माहेरी आलेली, चुकून हातात पडायचं. ‘वाचवेना म्हणून नाही सोडलं,’ ती म्हणाली, ‘घरात नको होतं ते.’ पुस्तकाची एवढी भीती मी तरी प्रथमच ऐकली. लेखिकेला याहून मोठी दाद काय मिळणार?

याच्या अगदी उलट टोक म्हणजे गटातली सगळ्यात लहान सभासद. लग्नाला काही वर्षं झाली आहेत, मूल नको असं दोघांनी ठरवलंय आणि दोन्हीकडची माणसं त्यावर दर सणाला तोंडसुख घेतात. तिने पुस्तक एका रात्रीत संपवलं. तिच्या मते पुस्तकात बेन हा प्रश्नच नाही; भयंकर आहे ते पहिल्या चाळीस पानांतलं सुख. भरलं घर पाहिजे, भरलं घर पाहिजे, हा जो जप आहे ना, तो आपल्याकडे ‘अष्टपुत्रा’पासून चालू आहे, ती म्हणाली. त्यावर निवृत्त बाई (त्या शाळेत मराठी-संस्कृत शिकवायच्या, सगळे त्यांना बाईच म्हणतात) उसळल्या. त्यांची स्वतःची चार मुलं. ‘भरलेलं घर भयंकर असतं हे रिकाम्या घरात बसून बोलणं सोपं आहे गं.’ त्या दोघी याच, निरोप न घेता उतरलेल्या.

बाईंचा राग कशावर होता ते मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, आईला मुलाचा तिटकारा येतो हे त्यांना सहन झालं नसेल. तसं काही नव्हतं. येतो तिटकारा, चारातल्या एकाचा तरी येतोच, म्हणाल्या. त्यांचं भांडण होतं हॅरिएटने बेनला परत आणलं याच्याशी.

ते प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कादंबरीचा गळ तिथे आहे. बेन गेल्यावर घर कसं होतं ते लेसिंग अगदी थोडक्यात लिहिते. मुलं हसायला लागतात. आपण इतके दिवस दबून होतो हे त्यांनाच आता कळतं. खोल्यांची दारं आतून लावायची गरज राहत नाही. नवरा-बायको जवळ येतात. सुट्टीत परत माणसं येतील अशी बोलणी होतात. वाचता वाचता आपणही पाय लांब करतो. आणि मग हॅरिएट, एकटीच, कुणाचं न ऐकता, गाडी काढून उत्तर इंग्लंडात त्या संस्थेत जाते. तिथे आईबाप कधी येतच नाहीत, त्यामुळे कर्मचाऱ्यांची धांदल उडते. एका लांब खोलीत पाळण्यांच्या रांगा, आणि त्यांत औषधाने निजवलेली, कुठे ना कुठे घडण चुकलेली मुलं. पुढच्या खोलीत, गुळगुळीत प्लास्टिकच्या भिंतींमध्ये, फोमच्या हिरव्या गादीवर बेन. उघडा, हात जॅकेटात जखडलेले, बेशुद्ध, जीभ बाहेर आलेली. ती त्याला गुंडाळून, सोबत गुंगीची औषधं घेऊन घरी आणते.

आणि त्या दिवसापासून घर संपतं. ल्यूक एका आजोबांकडे राहायला जातो, हेलन दुसऱ्या आजीकडे, जेन डोरोथीकडे. पॉल तेवढा उरतो आणि बिघडत जातो.

‘एकासाठी चार उधळले,’ बाई म्हणाल्या आणि खणखणीत आवाजात श्लोक म्हटला:

त्यजेदेकं कुलस्यार्थे ग्रामस्यार्थे कुलं त्यजेत्।

कुळासाठी एकाला सोडावं. संदर्भ त्यांनीच दिला. दुर्योधन जन्मला तेव्हा कोल्हे ओरडले, अपशकुन झाले, आणि विदुराने धृतराष्ट्राला सांगितलं की याचा त्याग कर, शंभरातला एक गेला तर नव्व्याण्णव राहतील. धृतराष्ट्राने ऐकलं नाही. पुढचं महाभारत सगळ्यांना माहीत आहे. ‘पुत्रप्रेमाने आंधळा’ म्हणून धृतराष्ट्राला आपण आजतागायत नावं ठेवतो, मग ही हॅरिएट कोण मोठी लागून गेली?

खोली गप्प झाली. असं काही आलं की आपल्याकडे वाद संपतो. पण आमच्यात एक विशेष शाळेत शिकवणाऱ्या ताई आहेत, तोवर त्या बोललेल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘बाई, दुर्योधनाने तोवर केलं काय होतं? ओरडले ते कोल्हे.’

बाईंनी उत्तर द्यायच्या आत माझी बायको म्हणाली, ‘आणि गांधारीला विचारलं का कुणी?’ बाईंनी लगेच तिला गप्प केलं, कारण त्यांना महाभारत पाठ आहे आणि आम्हाला मालिका. गांधारी नंतर, द्यूताच्या वेळी, नवऱ्याला हेच सांगते की विदुराचं तेव्हाच ऐकायला हवं होतं, अजून वेळ गेलेली नाही, याला टाका. म्हणजे तिथे आई टाका म्हणते आणि बाप धरून ठेवतो. कादंबरीत नेमकं फिरलेलं.

विशेष शाळेतल्या ताईंना पुस्तकाचा राग होता, पण तो वेगळाच. हॅरिएटच्या बहिणीला डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी आहे, एमी. ती गोड, लाघवी, सगळ्यांची लाडकी. आणि एमीच्या जन्मानंतर आमची ही आदर्श हॅरिएट नवऱ्याजवळ काय म्हणते, तर त्या दोघांच्या भांडणांनीच ते मूल ओढवून घेतलं असावं. पुढे तिच्या पदरात काय पडलं ते दिसतंच, पण ताईंचं म्हणणं असं की लेसिंगनेही एमीला ‘चांगलं अपंग मूल’ म्हणून बेनच्या शेजारी मांडून ठेवलंय. ‘आमच्याकडे चावणारी मुलंही आहेत, त्यांनाही आई आहे.’ मग त्यांनी शाळेतल्या पालकांचं सांगितलं. आमच्यामागे याचं काय, हा प्रश्न पालकसभेत प्रत्येक वेळी निघतोच. त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांची समिती कायदेशीर पालक नेमून देते, त्या स्वतः लोकांचे अर्ज भरून देतात. पण पालक कागदावर मिळतो, माणूस मिळत नाही. आणि निवासी संस्थेत ठेवलेल्या मुलांना भेटायला आईबाप पहिल्या वर्षी दर महिन्याला जातात, मग दिवाळीला. ‘मी त्यांना नावं ठेवत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हीही ठेवू नका. पण ते घर नंतर सुखी झालं असंही मला कुणी सांगू नका.’

इथे खाण्यासाठी येणाऱ्या गृहस्थांनी मोबाइलवर शोधून जाहीर केलं की या लेसिंगबाई स्वतःच पहिल्या नवऱ्याची दोन मुलं आफ्रिकेत सोडून गेल्या होत्या. झालं. चर्चेची गाडी रुळावरून घसरली. ‘तरीच!’ असं दोघा-तिघांच्या तोंडून निघालं. माहिती खरी आहे. दक्षिण ऱ्होडेशियात (आजचं झिम्बाब्वे) पहिलं लग्न मोडलं तेव्हा मुलगा आणि मुलगी वडिलांकडे राहिली, आणि १९४९ मध्ये ती लंडनला आली ती दुसऱ्या लग्नातल्या धाकट्या मुलाला, पीटरला घेऊन. तो पुढे आजारी झाला आणि तिने त्याला म्हातारपणापर्यंत सांभाळलं. २०१३ मध्ये आधी तो गेला आणि काही आठवड्यांनी ती. मोबाइलवाल्यांनी एवढं खालपर्यंत वाचलं नव्हतं. २००७ मध्ये तिला नोबेल मिळालं हेही त्यांनी वगळलं. मला संध्याकाळचा हा भाग सगळ्यात हिणकस वाटला. तत्त्वज्ञ रूसोने आपली पाचही मुलं अनाथालयात टाकली आणि मुलं कशी वाढवावीत यावर ‘एमिल’ लिहिलं, १७६२ साली. बीएडच्या वर्गात अजून शिकवतात त्याला. तिथे कुणी ‘तरीच!’ म्हणत नाही.

मग बायकोने तो प्रश्न विचारला. दोन तास हॅरिएटचा खटला चाललाय, डेव्हिड कुठे आहे?

खरंच, कुणीच डेव्हिडचं नाव काढलं नव्हतं. हॅरिएटने इतकी मुलं का काढली, हॅरिएटने गोळ्या का घेतल्या, हॅरिएटने परत का आणलं. बेनला पाठवायचा निर्णय डेव्हिडचा. तो किंवा आपण, अशी स्पष्ट निवड तोच बायकोपुढे ठेवतो. तिथे त्याला जिवे मारत होते, असं हॅरिएट परत आल्यावर सांगते तेव्हा तो दचकतही नाही. पाठवलं होतं ते त्यासाठीच, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. नंतर तो जास्तीची कामं घेतो, उशिरा घरी येतो, आणि तरुणपणी ज्या प्रकारच्या बापांना नावं ठेवायचा तसाच एक होऊन बसतो. म्हणजे पुस्तकात तो आहे, भरपूर आहे. आमच्या चर्चेत तो नव्हता.

बायको माझ्याकडेच बघत होती. काका चष्मा पुसायला लागले. खाणाऱ्यांनी वडा उचलला. शेवटी मी म्हणालो की डेव्हिडचं मला पटलं.

हे मी तिथे नीट सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितोय. वाचताना काळी गाडी आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. कारखान्यात नापास नगाला लाल टॅग लावून वेगळ्या जाळीत टाकतो तेव्हा लाइन परत चालू होते, तसं. पुढच्या पंधरा-वीस पानांत हॅरिएट निघाली, तर मला तिचा चक्क राग आला. कशाला उकरते आहे ही! माझ्यासारखी माणसं गटात आणखी होती, मला खात्री आहे. बाईंनी तर श्लोकच म्हटला. फरक एवढाच की हॅरिएट त्या हिरव्या गादीपर्यंत गेली आणि बाकी कुणी गेलं नाही. डेव्हिड गेला नाही, ज्यांनी पैसे भरले ते आजी-आजोबा गेले नाहीत. विदुर शहाणा खराच, पण ‘त्याग कर’ म्हणजे त्या तान्ह्या पोराचं नेमकं काय करायचं हे त्यालाही कुणी विचारलेलं मला आठवत नाही. कुठे ठेवायचं? कुणी न्यायचं? लेसिंगने तेवढंच केलंय. जिथे इतर लोक ‘सोय केली’ म्हणून थांबतात, तिथून पुढे ती गाडी चालवत गेली आहे.

बाईंना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग आणलं ना परत? त्या चार लेकरांचं काय झालं? पॉलचं काय झालं?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. बायकोकडेही नाही, तिचं म्हणणं, उत्तर असतं तर लेसिंगने कादंबरी कशाला लिहिली असती.

पुस्तकात खोट नाही असं नाही. शेवटचा भाग, बेन मोठा होऊन टोळक्यात शिरतो तो, मला घाईत उरकल्यासारखा वाटला. ऐंशीच्या दशकातल्या इंग्लंडमधले दंगे, बेकार पोरं, ते सगळं बेनच्या खांद्यावर टाकायचा मोह लेखिकेला झालाय. त्यापेक्षा जॉन नावाचा माळीकाम करणारा पोरगा, जो पैसे घेऊन बेनला मोटारसायकलवर फिरवतो आणि ज्याच्याशी बेनचं चक्क जमतं, त्याच्यावर आणखी पानं हवी होती. अख्ख्या पुस्तकात बेनला कुणी भीत नसेल तर ती ही उनाड पोरं. डॉक्टर मॅडमनाही हे पटलं. त्यांच्या मते कादंबरीतलं खरं निदान या पोरांनीच केलंय.

पुढच्या महिन्याचं पुस्तक बाईंनी परस्पर ठरवून टाकलं आहे. विनोदी आहे, आणि त्यात लहान मूल नाही याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली म्हणे. गटातली धाकटी येणार आहे की नाही माहीत नाही. ग्रुपवर तिने अंगठा दाखवलाय खरा.

आणि काका. काकांना शोध लागलाय की या कादंबरीचा २००० साली आलेला पुढचा भाग आहे, ‘बेन, इन द वर्ल्ड’. तो त्यांनी मागवलाय, कारण त्यात तरी कळेल मुलाला नेमकं झालं काय होतं. मी तो वाचलाय. काकांना अजून काही बोललेलो नाही, त्यांचं पार्सल शुक्रवारी येतंय.